पाडव्यापर्यंत वसई दर्शन

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार

जिंकले! म्हणजे अजून काहीच जिंकलेलं नाही, पण आईसमोर आयुष्यात पहिल्यांदा माझं चाललं, म्हणून हा शब्द आधीच लिहून टाकते.

देव्हाऱ्यासमोर करार झाला. आई गुढीपाडव्यापर्यंत घरात एकही स्थळ आणणार नाही. बदल्यात मी माझी बस भरून दाखवायची. पाडव्याआधीच्या रविवारी एक जरी सीट रिकामी राहिली, तर मी निमूट साडी नेसून, पोह्यांचा ट्रे घेऊन, आई आणेल त्या स्थळासमोर जाऊन बसायचं. ‘निमूट’ हा शब्द आईनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. बाबा साक्षीदार. ते पेपरातून डोकं वर न काढता “बरं” म्हणाले, म्हणजे झाली साक्ष.

सत्तावीस वर्षांची झाले, बी.ए. इतिहास, अंधेरीच्या कुरियर ऑफिसातली नोकरी गणपतीत सोडली, आणि आजवर एकदाही पोहे घेऊन बसलेली नाही. थोरल्या बहिणीचं, अश्लेषाताईचं, बघितलंय ना मी! परळच्या चाळीत होतो तेव्हा. प्रत्येक वेळी तीच मोरपिशी साडी, तेच “गाता येतं का”, तेच “जरा चालून दाखव”. एका बाईनं तर तिची वेणी ओढून बघितली, खरी आहे का म्हणून. मी दाराआडून बघत होते. दुसऱ्या दिवशी जाऊन बॉयकट केला. आईनं चार दिवस अबोला धरला होता.

तर बस. वसई दर्शन! आमच्या एव्हरशाईन सिटीत एवढी माणसं राहतात, कोकणातली, देशावरची, गिरगाव-परळातून आलेली, आणि वसई म्हणजे त्यांच्यासाठी स्टेशन आणि भाजीबाजार. रुळांपलीकडे किल्ला आहे, केळीच्या वाड्या आहेत, समुद्र आहे, हे कोणाच्या गावीही नाही. आमची आईच घ्या. चार वर्षं झाली इथे येऊन, अजून किल्ला बघितलेला नाही. म्हणते, “दगड काय बघायचे?”

दाखवते ना आता दगड!

२८ नोव्हेंबर

गाडी मिळाली! गिरीज गावचा कॉन्रॅड, आठवडाभर मॅटॅडोरमधून शाळेची पोरं नेतो-आणतो, रविवारी गाडी उभीच असते. त्याची अट एकच, पहाटेच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाऊन आल्याशिवाय चावी फिरवणार नाही. म्हटलं, जा बाबा, आमची माणसंही आठाशिवाय अंथरूण सोडत नाहीत.

दुपारचं जेवण त्याची आई बर्थाबाय करणार, त्यांच्या वाडीतच, चिकूच्या झाडाखाली. आज चव बघायला म्हणून गेले आणि तांदळाच्या भाकऱ्या, पापलेटचं कालवण, वर सुकेळी असं सगळं हाणून आले. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, पण असं म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. बर्थाबाय मला जेवताना बघत होती. म्हणाली, “अंगात हाडं तेवढी, आणि आवाज चर्चच्या घंटेसारखा. माईकचा खर्च वाचला तुझा.”

मी चिमाजीअप्पांचा प्रसंग करून दाखवला. कोंबड्या पळाल्या.

१२ डिसेंबर

पहिली सहल.

चार माणसं. त्यात दोन खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी आजी-आजोबा, फुकट. एक इसम किल्ल्यात पोचेपर्यंत झोपला आणि किल्ल्यात पोचल्यावरही झोपला. एका मुलीला निर्मळच्या तळ्याजवळ उलटी झाली. मी रिकाम्या सीटांना इतिहास सांगितला. कॉन्रॅड आरशातून बघून म्हणाला, “ताई, पोरं नसली की गाडी लई आवाज करते.”

घरी आले तर आई दारातच. “किती?”

“सुरुवात आहे.”

“ती मोरपिशी साडी अजून चांगली आहे हो,” म्हणाली. बाई बाई बाई! काय ही आई!

१५ डिसेंबर

चमत्कार! आई स्वतःहून म्हणाली, “अक्षदा, एकटी पोर किती धावशील? तिकिटांचं मी बघते. रविवारी सोबत येते. नाश्ताही करून देते.”

मला तर भरूनच आलं. वरून फणस असली तरी आई ती आई.

१९ डिसेंबर

बस जवळजवळ भरली!! जवळजवळ भरली!!! आईचा हात लागला आणि सोनं झालं. दुपारभर फोनला चिकटून असते बिचारी. बोरिवली, दहिसर, पार ठाण्याहून माणसं आली. ठाण्याहून!

आईनं मोठा डबा भरून कांदेपोहे केले होते. म्हणाली, “तू वाट. गाईडनं स्वतः वाटले की बरं दिसतं.” वाटले. सगळ्यांनी माझ्याकडे बघत बघत खाल्ले. ट्रेला नाही म्हणणारी मी आणि इथे अख्ख्या बसला पोहे वाढतेय, स्वतःचंच हसू आलं. पण हा धंद्याचा भाग आहे.

आई इंजिनवरच्या गादीवर बसते, प्रवाशांकडे तोंड करून. लिंबू हुंगत होती. किल्ल्यात उतरली आणि म्हणाली, “एवढा मोठा आहे होय!” मग मागच्या बायकांत जाऊन बसली.

प्रवासी फार चौकस होते. बोरिवलीच्या एक बाई, सोबत मुलगा, छान इस्त्रीचा शर्ट. मला विचारतात, “शिक्षण किती?” सांगितलं. “चष्मा कायमचा का?” म्हटलं हो, वजा दीड, पण शिलालेख लांबूनही वाचते. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. गाईडची नजर चांगली हवी असं लोकांना वाटणारच.

२६ डिसेंबर

नाताळची खास सहल! गावागावांत घरांपुढे गोठे सजवलेत, बाळ येशू, मेंढरं, खरं गवत, एकाने तर झुळझुळ पाण्याची मोटर लावलेली. आई प्रत्येक गोठ्यासमोर उभी. एका ठिकाणी आत बोलावून केक दिला तर तिनं पाककृती विचारली आणि मग निघायलाच तयार नाही. आम्ही सगळे गाडीत बसून हॉर्न वाजवतोय.

एक गंमत. प्रत्येक सहलीला एक तरी तिशीचा मुलगा आईबरोबर येतोच. श्रावणबाळाच्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण मुंबईत इतके शिल्लक आहेत हे माहीत नव्हतं. हा आपला खास ग्राहक दिसतो. पत्रकावर लिहून टाकते: ‘आईला घेऊन या!’

९ जानेवारी २०००

आज गाणं म्हटलं! किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये आवाज कसा घुमतो ते मी सांगत होते, तर दहिसरच्या एक मावशी म्हणाल्या, “मग म्हणून दाखव ना काहीतरी.” म्हटलं. अख्ख्या भिंतींनी म्हटलं माझ्याबरोबर. कबुतरं उडाली. मावशींचा मुलगा, मिशा कोरलेल्या, टाळ्या वाजवायला लागला तर मावशींनी त्याच्या हातावर चापट मारली.

मग म्हणाल्या, “त्या बुरुजापर्यंत जरा चालून दाखव.”

मला वाटलं अंतराचा अंदाज हवाय. मी चालत गेले, तिथून ओरडले, “दोन मिनिटं लागतात!” आणि धावत परत आले. मावशी आईला काहीतरी म्हणत होत्या आणि आईनं कपाळाला हात लावलेला. ऊन लागलं असणार. टोपी घालत नाही ना!

हे सगळं कुठेतरी बघितल्यासारखं वाटतंय. असो. गर्दीचा धंदा आहे, माणसं सारखीच वागतात.

१३ फेब्रुवारी

हसून हसून पोट दुखतंय, अक्षर वाकडं येईल.

फुलपाड्याच्या जयवंतीकाकू आल्या होत्या, मुलगा तेजस बरोबर. तेजस सहलीला बूट, टाय आणि कोट घालून! फेब्रुवारीत! अर्नाळ्याला! मी म्हटलं, “ऑफिसला जायचंय का नंतर?” तर त्याचे कान लाल.

दुपारी होडीनं अर्नाळ्याच्या किल्ल्यात जायचं होतं. किनाऱ्यावर बघतो तर पाणी गायब. नुसता चिखल, त्यात होड्या कुशीवर निजलेल्या. सुकत घातलेले बोंबील उलटत एक कोळीण बसलेली, ती म्हणाली, “आज आष्टमी नाय का? दुपारचं पानी कुठलं? संध्याकालचे ये.” आई एकादशी, चतुर्थी, प्रदोष सगळं तोंडपाठ म्हणते, पण समुद्रही तिथी पाळतो हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं! आईला इतकं नवल वाटलं की ती त्या कोळणीपाशी बसलीच. “मग पुनवेला? मग अवसेला?” असं विचारत पार तिच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत पोचली.

तेवढ्यात तेजस एक होडी जवळून बघायला म्हणून गेला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. बूट आतच. मी पँट दुमडून गेले, त्याच्या बगलेत हात घातले आणि “हेऽऽ म्हसोबा!” म्हणून खेचला. तो बाहेर, बूट आत, मी चिखलात आडवी. सगळी बस हसतेय, कोळणी हसतायत, मीही हसतेय. जयवंतीकाकूंनी मात्र पदराने तोंड झाकलेलं आणि खांदे गदगदत होते. वाईट वाटलं असेल, बूट नवे होते.

परतताना काकूंनी एकदाच विचारलं, “तुझा आवाज घरातही एवढाच असतो?” म्हटलं, “घरात जरा जास्त.”

बर्थाबायनं तेजसला तिच्या नवऱ्याच्या सपाता दिल्या.

२० फेब्रुवारी

बस भरली. पार भरली! इंजिनच्या गादीवर आई आणि आणखी एक बाई. आता पाडवा येऊ दे नाहीतर दिवाळी. मी रस्त्यात नाचले. कॉन्रॅडनं हॉर्नवर ताल धरला. आईला मिठी मारली, म्हटलं, “तू हरणार गं!” ती नुसती हसली. काय मोठ्या मनाची आहे!

५ मार्च

लिहून मोकळी होते.

आज कांदिवलीचा विघ्नेश म्हणून एक आला होता, आई आणि आत्याबरोबर. साधा, चपला घातलेला, प्रश्न न विचारणारा. म्हणून मला आवडला होता, म्हणजे प्रवासी म्हणून. बर्थाबायच्या वाडीत हात धुताना तो हळूच म्हणाला, “राग येणार नसेल तर एक विचारू? तुम्हाला खरंच माहीत नाही का?”

“काय?”

“आम्ही बघायला आलोय.”

“मग? सगळे बघायलाच येतात. किल्ला आवडला का?”

“किल्ला नाही हो,” तो म्हणाला. “तुम्हाला.”

माझ्या हातातलं तांब्याभर पाणी त्याच्या पायावर गेलं. तो बिचारा म्हणाला, “माझं एके ठिकाणी ठरलंय, घरी सांगितलेलं नाही. तुम्ही मला नापसंत करा, प्लीज.”

आणि मग एकेक आठवत गेलं. चष्मा. गाणं. बुरुजापर्यंत चालणं. कोट-टाय. पोहे, अरे देवा, पोहे! दर रविवारी डबा भरून, माझ्या हातानं, सगळ्या बसला! ताईला एका वेळी एकाच घरानं बघितलं. मला सतरा सीटांनी बघितलं. आणि मी पत्रकावर लिहिलंय, ‘आईला घेऊन या’!

उरलेली सहल मी कशी केली मला माहीत नाही. चिमाजीअप्पांना दोन वेळा किल्ला जिंकायला लावला म्हणे.

६ मार्च

आई चिडली की मालवणीत शिरते.

“शब्द मी पाळलंय! घराक एक तरी स्थळ हाडलंय? सांग, हाडलंय? बाबांक विचार!”

बाबा “बरं” म्हणाले.

“घरात नाही, बसमध्ये आणलीस!” मी ओरडले. “तू फसवलंस मला. मला वाटलं मी काहीतरी उभं केलं. सगळी तुझी वऱ्हाडं होती!” मी रडले. मला लिहायला लाज वाटत नाही, हमसून हमसून रडले. लग्नाचं दुःख नाही. माझ्या गोष्टी ऐकायला ठाण्याहून माणसं आली असं वाटत होतं, ते गेलं.

आई जरा वेळानं मराठीत आली. “एकानंही होकार दिला नाही,” म्हणाली. “कोणी म्हणे मुलगी धावते, कोणी म्हणे ओरडते. त्या बूटवाल्याला तर माणसांत यायला दोन दिवस लागले म्हणे.”

मला एकदम हसू आलं, पण दाबलं. सांगून टाकलं, यापुढे तू बसमध्ये यायचं नाही. तुझं एकही माणूस यायचं नाही. करार तोच, पाडव्याआधीचा रविवार. स्वतःच्या बळावर भरेन.

आईनं एवढंच विचारलं, “बर्थाबायला काय सांगशील?”

१२ मार्च

सहा जण. सगळे खरे! एका आजोबांनी तटबंदी हातानं चाचपून बघितली. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

बर्थाबायनं विचारलं, “तुझी आई कुठे?” म्हटलं, बरं नाही. “मग हे दे,” म्हणून सुकेळ्यांचा पुडा दिला. घरी आणून टेबलावर ठेवला. आईनं तो पदराआड घेतला आणि आत गेली. हेर आहे, हेर! लगेच विचारायला आली, “आज जेवायला काय होतं? कोळीण भेटली? तिच्या सुनेला काय झालं?” मी उत्तरं दिली नाहीत. माझी आकडेवारी काढायचा डाव आहे.

२६ मार्च

नऊ. पत्रकं संपली, स्टेशनबाहेर उभी राहून घसा बसला. माझा घसा बसला, म्हणजे बघा!

आई गेले तीन शनिवार साडी इस्त्री करून ठेवते. कुठे जायचंय विचारलं तर म्हणते, “कुठे नाही. सवय.” कॅलेंडरवर तिथीपुढे पेन्सिलीनं काहीतरी खुणा करते. मला वाटतं स्थळाचा मुहूर्त काढतेय. साडीही बहुतेक माझ्यासाठीच. मोरपिशी नाही, दुसरी आहे, एवढंच.

पुढच्या रविवारी शेवटचं. भीती वाटते. हसतेय, पण वाटते.

२ एप्रिल

सगळं नीट, क्रमानं लिहिते.

सकाळी बसजवळ माझी खरी माणसं पाच. पाच! कॉन्रॅड मिस्सा आटपून आला, सीटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काच पुसायला लागला. मनात म्हटलं, अक्षदाबाई, आता नेसा मोरपिशी.

आणि तेवढ्यात रिक्षा. मागे रिक्षा. त्यामागे आणखी रिक्षा. पहिलीतून जयवंतीकाकू उतरल्या! मागून फुलपाड्याची अख्खी भिशी, गॉगल लावून, पिशव्यांत चिवडा. मी दचकले, म्हटलं, “काकू, तेजस?”

“त्याचं जमलं मागच्या आठवड्यात. गप्प मुलगी आहे,” काकू म्हणाल्या. “तुला स्पष्ट सांगते, सून म्हणून तुझा आवाज आमच्या घराला झेपला नसता. पण मी नवऱ्याच्या आजारपणापासून एवढी हसले नव्हते गं, त्या चिखलात हसले तेवढी. घरी येऊन पाय चेपतानाही हसत होते. म्हणून म्हटलं, ह्या सगळ्यांना ने. आणि पाणी नसेल तेव्हाच ने अर्नाळ्याला!”

मी रस्त्यात त्यांच्या पायाच पडले. त्या म्हणाल्या, “अगं, अगं, हे बघायला आले होते तेव्हा करायचं होतंस.”

भिशी चढली. चिवडा चढला. मी मोजलं. पुन्हा मोजलं. एक सीट रिकामी. भिशीतली एक बाई गुडघा सुजला म्हणून आली नव्हती. एक! कराराप्रमाणे एक म्हणजे हरले. कॉन्रॅड म्हणाला, “ताई, पिशवी ठेव त्यावर.” म्हटलं, नाही. देव्हाऱ्यासमोर बोललेय.

वर बघितलं तर आई गॅलरीत. बघतेय. तिलाही दिसली असणार ती सीट, खिडकीचीच होती. मी वळून बसमध्ये चढले. मग जिन्यात चपलांचा आवाज आला. आई खाली, इस्त्रीच्या साडीत, हातात पोह्यांचा डबा, डोक्यावर माझी टोपी. दारात उभी राहून म्हणाली, “सरक.” आणि त्या सीटवर जाऊन बसली. पदराची गाठ सोडून तिकिटाचे पैसे काढले आणि माझ्यासमोर धरले. पूर्ण पैसे. घेतले मी.

“आई, तू ही सीट भरलीस तर…”

“गाडी सोड गो,” आई म्हणाली. “आज त्रयोदशी, सकाळचं पाणी आहे. अर्नाळा आधी कर, किल्ला मागून.”

बरोबर निघालं! होडी अगदी जवळ लागली, भिशी किंचाळत चढली. जयवंतीकाकू चिखल नाही म्हणून थोड्या नाराज. कोळणीच्या सुनेला मुलगी झालीय, आईनं पर्समधून लोकरीचं टोपडं काढलं. ते तिनं कधी विणलं, मला माहीतही नाही. बर्थाबायनं तिला बघितलं आणि दोघी चुलीपाशी जाऊन बसल्या, जेवण वाढायला मीच उरले.

पोहे मीच वाटले. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्या पोह्यांकडे बघत होत्या. काय सुख!

आई हरली. पण ती शहाणी बाई असं का हरली ते मला अजून कळलेलं नाही. हिशेबात चुकली असावी.

५ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. आईनं श्रीखंड केलं, बाबांनी दोनदा घेतलं आणि दोनदा “बरं” म्हणाले.

दुपारी फोन वाजला. देवगडहून हरिभाऊ. हा आमच्या गावाकडचा स्थळवाला माणूस, ताईचंही त्यानंच जमवलं होतं. पाडवा आला, करार संपला, आता हा सुटणार, हे मला ठाऊकच होतं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिले, परळला राहायचे तशीच.

हरिभाऊंचा आवाज फोनबाहेर येत होता. मुलगा इंजिनियर, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, एकुलता, मुलगी नोकरी-धंदा करणारी असली तरी चालेल, आवाज मोठा असला तरी चालेल. अस्सं स्थळ पुन्हा येणार नाही. येत्या रविवारी सकाळी माणसं वसईत पोचतील, फक्त हो म्हणा.

आई बराच वेळ कॅलेंडरकडे बघत होती, पेन्सिलीच्या खुणांकडे. येत्या रविवारी सकाळचं पाणी नाही, दुपारचं आहे, असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटली.

मग म्हणाली, “आयतवारी नको हो, हरिभाऊ. आयतवारी आमची बस असता.”